जकातमाफ बंदराचा खर्च

महाबळेश्वरला जाऊन आलेल्या बहुतेकांना चायनामन फॉल हे नाव माहीत असतं. लिंगमळा, धोबी, चायनामन अशी धबधब्यांची यादी टॅक्सीवाला एका दमात म्हणून दाखवतो. या धबधब्याजवळ पूर्वी चिनी लोकांचे मळे होते, एवढं तो सांगतो. साताऱ्याच्या डोंगरावर चिनी माळी कुठून आले, हे तो सांगत नाही, आणि धुक्यात भिजत उभे असलेले आपणही विचारत नाही.

उत्तर सातारा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये आहे, आणि तिथंही ते थोडक्यात उरकलेलं आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८-२९ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांकडून ही जागा मिळवून गोऱ्यांसाठी हवापालटाचं ठाणं वसवलं. पुढच्या दशकात तिथं सुमारे १२० कैद्यांसाठी एक तुरुंग उभा राहिला. कैदी चिनी आणि मलायी होते. मलाक्काच्या सामुद्रधुनीवर इंग्रजांच्या ज्या तीन वसाहती होत्या, पेनांग, मलाक्का आणि सिंगापूर, तिथून त्यांना आणलेलं होतं. गावातले बरेचसे रस्ते त्यांनी केले, बटाटा आणि इतर विलायती भाज्यांचे मळे लावले, टोपल्या आणि वेताच्या खुर्च्या विणल्या. १८६४ मध्ये हा तुरुंग बंद झाला.

गॅझेटिअर एवढ्यावर थांबतं, कारण त्याला सातारा जिल्ह्यापुरतंच बोलायचं आहे. पण ही अर्धीच देवघेव झाली. सिंगापूरचे कैदी मुंबई इलाख्यात येत होते त्याच काळात मुंबई इलाख्यातले कैदी सिंगापूरला जात होते. हद्दपारीच्या शिक्षेचा सगळा जोर लांब नेण्यावर होता. घर, जात, भाषा, सगळ्यांपासून माणूस तोडायचा, म्हणजे बाकीच्यांना धाक बसतो, अशी सरकारी समजूत. मग ठाण्याच्या दरोडेखोराला साताऱ्यात ठेवून काय उपयोग? त्याला समुद्रापलीकडे न्यायला हवं. आणि सिंगापुरातल्या चिनी खुन्याला सिंगापुरातच ठेवलं तर त्याचे भाऊबंद रोज तुरुंगाच्या भिंतीपलीकडे असणार. तेव्हा दोन सरकारांनी आपापली माणसं बदलून घेतली.

आज ‘काळं पाणी’ म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर अंदमान येतं. अंदमानची कैदी वसाहत मात्र १८५८ ची. त्याआधीच्या दोन पिढ्यांचं काळं पाणी म्हणजे प्रामुख्यानं हीच तीन बंदरं. १७९० ते १८६० या सत्तर वर्षांत हिंदुस्थानातून तिथं सुमारे पंधरा हजार कैदी गेले असं इतिहासकार सांगतात. त्यांत बंगालचे होते, मद्रासचे होते, आणि आपले, म्हणजे मुंबई इलाख्यातलेही होते.

सिंगापूरच्या व्यापाराच्या इतिहासावरचे काही मजकूर मराठीत आणताना मी या माणसांपाशी येऊन पोचले. आणि पोचले ती एका शब्दामुळे. इंग्रज सिंगापूरला ‘फ्री पोर्ट’ म्हणत. याला मराठीत काय म्हणायचं? मुक्त बंदर म्हटलं तर त्याला स्वातंत्र्याचा वास येतो. मोफत बंदर म्हटलं तर धर्मशाळेचा. ‘खुलं बंदर’ बरं वाटतं, पण बंदरं सगळीच खुली असतात. बंद असेल तर ते बंदर कसलं. शेवटी मी पेशवाईच्या कागदांतला आपला जुना शब्द घेतला: जकातमाफ. येणाऱ्या मालावर जकात नाही, जाणाऱ्या मालावर नाही, जहाज कुठल्या का निशाणाचं असेना. हा शब्द रुक्ष आहे, पण त्याची एक सोय आहे. माफी म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो. जकात माफ केली, मग शहर चालवायचा खर्च कुठून आला?

हा प्रश्न सिंगापूरच्या पहिल्या वर्षीच उभा राहिला होता. ईस्ट इंडिया कंपनीचे स्टॅमफर्ड रॅफल्स २९ जानेवारी १८१९ ला त्या बेटावर उतरले आणि ६ फेब्रुवारीला त्यांनी जोहोरच्या सुलतानाशी आणि तेमेंगोंगाशी वखारीचा करार केला. डचांची बंदरं जकाती आणि परवान्यांनी जखडलेली होती. त्यांचं गिऱ्हाईक ओढायचं तर जकात नको, हे रॅफल्सचं गणित, आणि ते बरोबर ठरलं. १८२४ च्या शिरगणतीत सिंगापुरात १०,६८३ माणसं होती, १८६० मध्ये ऐंशी हजारांच्या वर. पण करार करून रॅफल्स निघून गेले, आणि मागं राहिलेले रेसिडेंट विल्यम फार्कर यांना शिपायांचे पगार द्यायचे होते, रस्ते करायचे होते, धक्का बांधायचा होता. जकात घ्यायची मुभा नाही आणि कलकत्त्याहून पुरेसा पैसा येत नाही. फार्कर यांनी १८२० मध्ये हिंदुस्थानात आणि मलायी बंदरांत सगळ्यांच्या परिचयाचा मार्ग धरला: मक्ते. अफूचा मक्ता, दारूचा मक्ता, जुगाराचा मक्ता. रॅफल्सना हे रुचलं नाही. जुगार त्यांनी बंदही करवला, तो त्यांच्यामागं पुन्हा सुरू झाला आणि १८२९ मध्ये कायमचा गेला. अफूचा मक्ता राहिला.

त्याकडे वळण्याआधी बंदर चालायचं कसं ते पाहायला हवं, कारण माफीचा फायदा नक्की कोणाला झाला हे त्यावरून कळतं. सिंगापूरचं वर्ष वाऱ्यांवर चाले. ईशान्येचा वारा सुटला की जानेवारीपासून चीन, सयाम, कोचीन-चीनची जंक जहाजं यायची: चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी, तांदूळ, साखर, आणि जहाजाच्या पोटात कामाच्या शोधात निघालेली शेकडो माणसं. पावसाळा संपता संपता सुलावेसीकडून बुगी लोकांच्या होड्यांचे ताफे यायचे: कासवाची पाठ, पक्ष्यांची खाण्याची घरटी, समुद्रकाकडी, थोडी सोन्याची भुकटी. पश्चिमेकडून कलकत्ता, मद्रास, मुंबईची जहाजं कापड, कापूस आणि अफू घेऊन यायची. या तिघांची गाठ एका वेळी पडायची नाही, म्हणून मधे माल साठवणारा, उधार देणारा, आणि दोन्हीकडची भाषा बोलणारा माणूस लागायचा. इंग्रज पेढ्या विलायतेहून माल मागवून तो चिनी दलालांना दोन-तीन महिन्यांच्या वायद्यानं देत. हे दलाल बरेचदा मलाक्कात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, घरात मलायी बोलणारे चिनी असत. ते पुढं जंकवाल्यांशी आणि बुगींशी अदलाबदल करत. नाणं चाले स्पेनचा डॉलर. सरकारी हिशेब मात्र रुपयांत, कारण मालक कलकत्त्यात.

भाषांतर करणाऱ्या बाईला इथं थोडं रेंगाळायचा मोह होतो. मलायी भाषेत भांडवलाला ‘मोदाल’ म्हणतात. तो तमिळ ‘मुदल’. तोच कन्नडात ‘मोदलु’ आणि आपल्याकडे ‘मुद्दल’. नफ्याला ‘लाबा’, म्हणजे लाभ. किमतीला ‘हार्गा’, संस्कृत अर्घ. व्यापारी ‘सौदागार’, खजिनदार ‘बेंदाहारी’, म्हणजे भांडारी, शिक्का ‘चाप’, म्हणजे छाप. बंदराचा अधिकारी ‘शाहबंदार’. एकेक शब्द एकेका गलबतानं नेलेला, आणि परत कोणी मागितला नाही. व्यापाराचा हा सगळा शब्दसंग्रह वाचताना आपल्याला घरच्यासारखं वाटतं आणि थोडा अभिमानही वाटतो. पण याच यादीत आणखी दोन शब्द आहेत, जे अशा कौतुकाच्या लेखांतून सहसा सुटतात. एक ‘बांदुआन’, म्हणजे कैदी. तो आपला बंदिवान, बंधुआ यांच्या कुळातला. दुसरा ‘चांदू’, म्हणजे ओढायची शिजवलेली अफू. आपल्या चंडूखान्यातला चंडू. जकातमाफ बंदराचा खर्च या दोन शब्दांनी भरला.

चांदूचा हिशेब आधी. मक्ता म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. सरकार लिलाव करी. जास्त बोली लावणाऱ्या चिनी व्यापाऱ्यांच्या गटाला शहरात आणि बेटावर अफू शिजवून किरकोळ विकायचा एकट्याचा हक्क मिळे. त्यानं दरमहा ठरलेली रक्कम सरकारला भरायची. चोरट्या अफूवर नजर ठेवायला माणसं त्याची त्यानं ठेवायची. सरकारला कारकून वाढवायला नकोत की पोलीस. एकोणिसाव्या शतकात बहुतेक काळ सिंगापूरच्या महसुलाचा सुमारे निम्मा भाग या एका मक्त्यातून आला.

ही अफू ओढत कोण होतं? ती बंदरातल्या पेढ्यांवरची माणसं नव्हती. बेटाच्या आतल्या जंगलात चिनी मळेवाले मिरी आणि गांबीर पिकवत. गांबीर म्हणजे एका वेलीचा पाला उकळून काढलेला अर्क, आपल्या काताचा चुलतभाऊ. विड्यात खातात, आणि पुढं इंग्लंडात कातडी कमावायला त्याला मोठी मागणी आली. मळ्यावर येणारा मजूर चीनहून जहाजाचं भाडं डोक्यावर घेऊन यायचा. शहरातला सावकार मळेवाल्याला तांदूळ, मीठमच्छी आणि अफू उधार द्यायचा, आणि त्या बदल्यात सगळं पीक स्वतः ठरवलेल्या भावानं उचलायचा. मळेवाला तीच अफू मजुराला उधारीवर द्यायचा. दिवसभर उकळत्या कढईपाशी उभं राहिलेल्या, हाडं दुखणाऱ्या, बायको-मुलं हजार कोसांवर असलेल्या माणसाला संध्याकाळी चिलीम लागे. वर्षाअखेर हिशेब मांडला की मजुरीचा मोठा भाग अफूत वळता झालेला असे आणि भाड्याचं कर्ज तसंच राहिलेलं असे. सावकार, मळ्याचा भांडवलदार आणि अफूचा मक्तेदार हे पुष्कळदा एकाच वर्तुळातले असत. म्हणजे मजुराला दिलेला पैसा फिरून त्यांच्याकडेच येई, आणि जाता जाता त्यातला एक वाटा सरकारी तिजोरीत पडे. रॉबर्ट लिटल नावाच्या एका डॉक्टरनं १८४८ मध्ये सिंगापूरच्या अफूबाजांवर एक लांबलचक लेख लिहिला. त्यासाठी तो दुकानं, तुरुंग, गरिबांचं इस्पितळ असा फिरला होता. शहरात त्याची चर्चा झाली. मक्ता चालू राहिला.

विलायतेतून येणाऱ्या कापडाच्या गाठींवर जकात नव्हती, हे इथं आठवायचं. शहराचा खर्च मालावर नाही तर सगळ्यात गरीब मजुराच्या चिलिमीवर बसवलेला होता. इंग्रज व्यापारी ‘जकातमाफी’ला धर्मतत्त्वासारखं जपत, त्याचं हेही एक कारण होतं.

आणि अफू यायची कुठून? सिंगापूरच्या मक्त्यात शिजे ती बहुतेक बंगाल-बिहारची, कंपनीनं स्वतः पिकवून घेऊन कलकत्त्यात लिलाव केलेली. पण सामुद्रधुनीतून पुढं चीनकडे जाणाऱ्या जहाजांत आपलाही माल होता. माळव्यात, शिंदे-होळकरांच्या मुलखात, खसखशीची शेती होती. उज्जैन-इंदूरच्या साहुकारांनी शेतकऱ्याला आगाऊ रक्कम द्यायची आणि चीक उचलायचा. १८१८ नंतर माळव्याची घडी बसवायला कंपनीनं ज्यांना नेमलं ते सर जॉन माल्कमच, महाबळेश्वरवाले. कंपनीनं ही अफू दाबायचा प्रयत्न केला, तर ती सिंधच्या वाटेनं पोर्तुगीजांच्या दमणला पोचू लागली. हार मानून १८३० च्या सुमारास कंपनीनं पेटीमागं १७५ रुपये घेऊन ती मुंबईतून जाऊ द्यायचं ठरवलं. सिंध हातात आल्यावर चोरवाट बंद झाली, मग हाच दर चढत चढत १८४७ मध्ये ४०० रुपयांवर गेला. १८३० च्या दशकात काही वर्षं चीनला गेलेल्या मालात माळव्याची अफू बंगालच्यापेक्षा जास्त होती. सर जमशेटजी जीजीभॉयांसारख्यांची संपत्ती या व्यापारातून उभी राहिली, आणि त्यातून मुंबईत इस्पितळं आणि शाळा उभ्या राहिल्या. मुंबईच्या भरभराटीचा इतिहास मराठीत लिहिताना कापूस आणि गिरण्या पुढं येतात. अफू एखाद्या परिच्छेदात येऊन जाते. सिंगापूरच्या इतिहासातही तसंच. दोन्ही शहरांची ही सवय सारखी आहे.

आता बांदुआन. १८२५ च्या एप्रिलमध्ये सुमात्रातल्या बेंकूलन या ठाण्यावरचे हिंदुस्थानी कैदी सिंगापूरला हलवण्यात आले, कारण आदल्या वर्षीच्या तहात इंग्रजांनी बेंकूलन डचांना देऊन टाकलं होतं. त्यापाठोपाठ थेट हिंदुस्थानातून जहाजं येऊ लागली. सिंगापूर तेव्हा दलदल आणि जंगल होतं. चिनी मजूर होता, पण त्याला रोज द्यावा लागे, आणि तो सरकारी रस्त्यावर खडी फोडण्यापेक्षा मळ्यावर किंवा गोदीत जाई. कैद्याला फक्त शिधा आणि कपडा. त्यांनी दलदली भरल्या, कालवे खणले, बेटाच्या आत जाणारे रस्ते काढले. मळ्यांवर वाघांचा उपद्रव वाढला तेव्हा वाघ मारायलाही कैद्यांच्या टोळ्या पाठवल्या.

या तुरुंगाचं एक वैशिष्ट्य फार बोललं गेलं आहे. गोऱ्या पहारेकऱ्यांना पगार परवडेना, म्हणून कैद्यांवर कैदीच नेमले. तुरुंगाचे एक अधिकारी मेजर मॅकनेअर यांनी १८९९ मध्ये या पद्धतीवर एक पुस्तकच लिहिलं. कैद्यांचे सहा वर्ग. नवा माणूस बेड्यांत, आणि वर्षानुवर्षांच्या चांगल्या वागणुकीनं वर चढत पहिल्या वर्गात गेला की तो तुरुंगाबाहेर राहून स्वतःचं पोट भरू शकायचा. मधल्या पायरीवर मुकादमी. या मुकादमाला म्हणत तांडेल. कोकणात तांडेल हा गलबतावरच्या खलाशांचा म्होरक्या. किनाऱ्यावर कितीतरी कोळी घरांचं ते आडनाव आहे. सिंगापुरात तो बेड्या घातलेल्या माणसांना रस्त्यावर नेणारा, स्वतःही शिक्षा भोगणारा माणूस झाला. मलायीत तो ‘तांदिल’ म्हणून राहिला, आणि पुढं त्याचा अर्थ मजुरांचा मुकादम असा झाला.

मॅकनेअर कैद्यांविषयी आपुलकीनं लिहितात आणि स्वस्ताईविषयी अभिमानानं. पुस्तकात या दोन्ही गोष्टी इतक्या जवळजवळ येतात की कुठली कुठे संपते ते कळत नाही. कैद्यांना विटा भाजायला, दगड घडवायला, सुतारकाम, लोहारकाम करायला शिकवलं. १८५५ चं रॅफल्स दीपगृह त्यांनी बांधलं. १८५६ ते १८६१ या वर्षांत सेंट अँड्र्यूज हे शहरातलं मोठं चर्च बांधलं. आज पर्यटक त्याच्या पांढऱ्या भिंतींचे फोटो काढतात. त्या भिंतींचा गिलावा मद्रासी चुन्याचा: शिंपल्यांचा चुना, अंड्याचा पांढरा बलक आणि गुळासारखी कच्ची साखर कुटून एकजीव करायची, नारळाची सोडणं भिजवलेल्या पाण्यानं तो कालवायचा, आणि वाळल्यावर गुळगुळीत दगडानं घासून चमक आणायची. आपल्या वाड्यांच्या चुन्याच्या घाण्यांची ज्यांना माहिती आहे त्यांना ही कृती परकी वाटणार नाही. १८६७ ते १८६९ मध्ये गव्हर्नरचा बंगला झाला, तोही याच हातांनी. सिंगापूरचे राष्ट्राध्यक्ष आज तिथं बसतात.

मी म्हैसूर जिल्ह्यात, कोडगूच्या सीमेवर, बैलकुप्प्याजवळ राहते. तिबेटी निर्वासितांची ही वसाहत १९६० च्या आसपास वसली. म्हैसूर राज्यानं सुमारे ३,००० एकर जंगल दिलं आणि आलेल्या माणसांनी ते तोडलं. आता तिथं मक्याची शेतं आहेत, मठांची सोनेरी छपरं आहेत. थंडीत पुण्या-कोल्हापुरात स्वेटरांची दुकानं थाटणारे तिबेटी आपल्या ओळखीचे असतात, त्यांतले काही याच भागातून निघतात. हे लोक कैदी नव्हते, आणि सिंगापूरशी या गावाची बरोबरी करायचा माझा इरादा नाही. फक्त एक फरक इथं राहिल्यामुळे रोज दिसतो. बैलकुप्प्यात जंगल कोणी तोडलं हे विचारलं तर कोणीही सांगतो, कारण तोडणारे त्याचे आजी-आजोबा होते. हत्ती कुठून यायचे, पहिल्या पावसात काय झालं, हे घराघरांत सांगितलं जातं. सिंगापूरच्या रस्त्यांबद्दल असं सांगणारं घर मिळणं कठीण. कैदी बहुतेक पुरुष होते. ज्यांनी तिथं संसार केला त्यांची मुलं मलायी किंवा तमिळ मुसलमान, तमिळ हिंदू अशा मोठ्या समाजांत मिसळून गेली, आणि आपला पणजोबा बेड्या घालून आला होता हे कोणाला मिरवावंसं वाटलं असेल? मराठी बोलणारे त्यांत किती होते हे सरकारी नोंदींतून काढणं अवघड, कारण नोंद ‘मुंबई’ अशी होते, आणि मुंबईच्या कोर्टापुढं गुजरातपासून धारवाडपर्यंतचा माणूस उभा राहायचा.

महाबळेश्वरच्या चिन्यांचं नशीब या बाबतीत किंचित बरं. निदान एक धबधबा त्यांच्या नावावर आहे, भले मग तो माणसाचं नाव न सांगता जातीचं सांगत असेल.

१८५० च्या दशकात सिंगापूरच्या इंग्रज व्यापाऱ्यांचं कलकत्त्याशी बिनसलं. १८३३ मध्ये कंपनीची चीन व्यापारातली मक्तेदारी गेली, तेव्हापासून या तीन बंदरांत कंपनीला रस उरला नव्हता. ती तिच्या लेखी खर्चाची बाब होती. कलकत्त्यानं रुपया चालू करायचा घाट घातला, बंदरावर पट्टी बसवायची गोष्ट काढली, की व्यापारी सभा भरवून निषेध करत. त्यांची आणखी एक तक्रार कैद्यांबद्दल होती. १८५७ चा उठाव झाल्यावर हिंदुस्थानातले तुरुंग भरले, आणि कलकत्ता आता बंडखोर शिपाईही आपल्याकडे पाठवणार अशी त्यांना धास्ती पडली. शहरात तेव्हा दोन हजारांच्या वर हिंदुस्थानी कैदी होते, त्यांतले कित्येक मोकळे हिंडत होते. ज्या कैद्यांनी शहर बांधलं त्यांचं तीस वर्षं कोणाला भय वाटलं नव्हतं. आता अर्ज लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेला: आम्हाला हिंदुस्थान सरकारच्या ताब्यातून काढा, आणि आमचं बंदर हा हिंदुस्थानचा उकिरडा करू नका.

अर्जाचा तर्क आपल्या जागी ठीक होता. पण त्यात एक ओळ नव्हती: रस्ते, कालवे, दीपगृह, चर्च, धक्क्याची भर यांची मजुरी रोखीनं द्यावी लागली असती तर जकात माफ ठेवता आली असती का? ती ओळ व्यापाऱ्यांनी लिहिली नाही, आणि कलकत्त्यानंही विचारली नाही. कलकत्त्याला दुसऱ्या बाजूनं सोय होती: आपले नको असलेले गुन्हेगार ठेवायला जागा. दोघांच्या सोयीची गोष्ट असल्यामुळे तिचा भाव कोणी काढला नाही.

१ एप्रिल १८६७ ला ही तीन बंदरं हिंदुस्थान सरकारच्या ताब्यातून निघून लंडनच्या वसाहत खात्याकडे गेली. डॉलर सरकारी चलन झाला. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि वाऱ्यांवर चालणारं वर्ष आगबोटींच्या वेळापत्रकावर चालू लागलं. हिंदुस्थानी कैद्यांचं खातं मिटवायला आणखी काही वर्षं लागली. १८७३ मध्ये सिंगापूरचा कैदी तुरुंग बंद झाला. ज्यांची शिक्षा जड होती त्यांना अंदमानला पाठवलं, बाकीच्यांना परवाने देऊन सोडलं. त्यांतल्या पुष्कळांनी परत जायचं नाकारलं. तीस-चाळीस वर्षांनी गावी जाऊन ओळखणार कोण? कोणी बैलगाड्या हाकल्या, कोणी म्हशी पाळून दूध घातलं.

कैदी संपले तरी चांदू संपला नाही. नव्या सरकारलाही जकात नको होती आणि पैसा हवा होता. अफूचा लिलाव पूर्वीसारखाच होत राहिला. १९१० मध्ये सरकारनं मक्तेदारांना बाजूला केलं आणि अफू शिजवण्याचा, विकण्याचा धंदा स्वतःच्या हातात घेतला. त्यापुढंही सिंगापुरात सरकारमान्य दुकानात चांदू मिळत होता, तो थेट दुसऱ्या महायुद्धापर्यंत.